चार बोटं जागा

गोमती नगरच्या तिकीट एजंटाने माझ्या बायकोच्या गुडघ्यांना फसवलं. घरात बामची डबी उघडली की त्या वासाबरोबर मला त्याचं दुकान आठवतं. मुलगी कॅनडात बाळंत झाली होती आणि नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला आजी निघाली होती. माझा धंदा फर्निचरचा, मापाशिवाय मी काही घेत नाही. म्हणून त्याला खुर्चीमागे खुर्ची लावून विमानातली जागा दाखवायला लावली. "भाभीजी सोते हुए जाएँगी," तो म्हणाला. मी वितीने मोजलं, भाव पाडला आणि तिकिटं घेतली. दिल्लीहून पुढच्या विमानात बसल्याबरोबर पुन्हा वीत लावली, तर जागा चार बोटं कमी. हवाई सुंदरीने विचारलं, "सर, क्या नाप रहे हैं?" "आप लोगों की नीयत!" मी ओरडलो. "अहो, हळू, लोक बघतायत," ही म्हणाली. तेवढ्यात पुढच्याने सीट मागे टाकली आणि उरलेली जागाही गेली. पोचलो तेव्हा हिचे गुडघे इतके सुजले होते की पाय पसरून जमिनीवर बसता येईना. पहिला आठवडा जावयानेच नातीला प्लॅस्टिकच्या टबात आंघोळ घातली, आणि ही दारात उभी राहून बघत राहिली. तरी आज विचारलं तर म्हणते, पुन्हा जाऊ. जाऊ की! पण त्या एजंटाने खुर्च्या अंदाजाने मांडल्या होत्या की मुद्दाम लांब? इतक्या लांबच्या प्रवासाला तो स्वतः कधी बसून गेलाय का? याचं उत्तर त्याने द्यावं, आणि मला नव्हे, हिला द्यावं.