मागच्या घराचा इतिहास

सुधीर गेल्याची बातमी मला त्याच्याच फोनवरून आली. कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरला होता, आणि मी कढीला फोडणी देऊन त्याच्या नावानं खडे फोडत होते. कारण सोसायटीच्या गेटवर कुणीही भेटलं की माझा नवरा त्याला धरून चीनच्या सम्राटांवर बोलत सुटायचा. फोन वाजला, त्याचं नाव दिसलं, आणि उचलताच मी म्हटलं, "आता कुठल्या राजापाशी अडकलास?" पलीकडे गेटवरचा गार्ड होता. "आंटी, आप नीचे आ जाइए," एवढंच म्हणाला तो... सुधीरला उद्देशून मी बोललेलं शेवटचं वाक्य, आणि तेही त्यानं ऐकलं नाही. आयुष्यभर तसंही कुठे ऐकायचा म्हणा.

लग्न झाल्यावर आम्ही पुण्याहून फरीदाबादला आलो. हा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, पण डोक्यात चीन. तो कुठून शिरला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिकडे म्हणे नवं घराणं गादीवर आलं की आधीच्या घराण्याचा इतिहास लिहून घ्यायचं. सुधीरनं ही रीत आमच्या भाड्याच्या घरांना लावली. नव्या घरात सामान उतरलं, पॅकर्सवाले गेले, की पहिल्या संध्याकाळी बंद खोक्यांच्या मध्ये बसून दोघांनी आधीच्या घराचा इतिहास सांगायचा. तोवर एकही खोकं उघडायचं नाही. बरं, घर सोडायच्या आधी सांगितलेलंही चालायचं नाही. घराणं संपल्याशिवाय इतिहास नाही, म्हणायचा. मेन्शियस नावाच्या त्यांच्या कुणा विचारवंताच्या आईनं मुलासाठी तीनदा घर बदललं, तर शेकडो वर्षं तिचं कौतुक चाललंय. मी नवऱ्याच्या नोकरीपायी किती घरं हलवली, पण आमचं कौतुक सोडाच, साधा चहा मिळायची मारामार!

फरीदाबादचं घर म्हणजे त्याच्या हिशेबानं झोऊ घराणं, कारण ते घराणं चीनमध्ये फार वर्षं टिकलं, आणि भाड्याच्या घरांत आम्ही सगळ्यात जास्त तिथेच टिकलो. तिथून मानेसरला आलो त्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं होतं. गॅस जोडलेला नाही, लहानगा निखिल रडतोय, आणि हा खोक्यावर मांडी घालून म्हणतो, आधी गुण सांग. मी म्हटलं, गुण कसले, गीझर शॉक द्यायचा, पाणी पहाटेच यायचं, आणि तू तर घरात कधी नसायचासच. तो शांतपणे म्हणाला, "शेवटचा राजा वाईटच होता, असं नवे लोक नेहमी लिहितात. तू तसं करू नकोस." मग मला एकदम तिथलं स्वयंपाकघर आठवलं. निखिल तिथेच, ओट्याला धरून, पहिल्यांदा उभा राहिला होता... मला रडूच फुटलं. खूप रडले. आणि मग उठून खोकी उघडायला लागले. तो चक्रमपणा उपयोगी पडायचा, हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, आणि आताही नाइलाजानंच करतेय.

मानेसरचं घर म्हणजे झोऊनंतर आलेलं चिन घराणं: कडक शिस्तीची घरमालकीण, दहाला दिवे बंद, आणि लवकरच संपलेलं. मग गुरुग्रामचं हे, बाराव्या मजल्यावरचं, म्हणजे त्यानंतरचं हान घराणं. हे आमचं स्वतःचं. मानेसरचा इतिहास सांगताना तो ज्या खोक्यावर बसला, ते खोकं बाल्कनीच्या दाराशी तसंच राहिलं. त्याला तिथे बसून पेपर वाचायची सवय लागली. वर मोठ्या अक्षरात 'नाजूक' लिहिलंय, आणि आत माझ्या आईनं दिलेले कप आहेत. किती वर्षं मी ओरडले, अरे, पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देते मी, ऊठ त्याच्यावरून. सम्राटाला असं उठवत नाहीत, हे उत्तर ठरलेलं. कप शाबूत आहेत की नाहीत, देव जाणे.

मागच्या आठवड्यात निखिल पुण्याहून आला. आई, एकटी काय करणार तू इथे, म्हणाला. चूक नाही त्याचं, अगदी काळजीनंच बोलत होता. पॅकर्सवाल्यांनाही विचारून ठेवलंय त्यानं. बोलता बोलता टेप घेऊन तो बाल्कनीच्या दाराशी गेला आणि ते खोकं ओढायला वाकला. खोक्याचा वरचा भाग मधोमध बसलाय, सुधीर बसायचा तेवढाच.

"राहू दे ते," मी म्हटलं.

"आई, पॅक तर आधीच आहे, नुसती टेप लावतोय."

"निखिल, मी कुठेही येत नाहीये."

त्यानं टेप खाली ठेवली. मी चहा केला, स्टीलच्या पेल्यात. दोघांनी तिथेच जमिनीवर बसून प्यायला. खोक्यावर कुणी बसलं नाही.

तर ज्यांनी मला आग्रहानं सुधीरवर लिहायला सांगितलं, त्यांनी हे वाचून फसू नये. त्याचा इतिहास मी सांगेन तेव्हा गुणांपासून सुरुवात करीन, आणि त्यासाठी मला दुसऱ्या घरात असावं लागेल. मी अजून याच घरात आहे. ही नुसती तक्रार आहे.