चुकीच्या उत्तराची वाट

समजा, तुम्ही एका म्हातारीसमोर बसला आहात. आज वार कोणता, हा महिना कोणता, मघाशी सांगितलेले तीन शब्द कोणते, एवढंच तिला विचारायचं आहे. आणि तिचं उत्तर चुकावं, असं मनात कुठंतरी तुम्हाला वाटतं आहे. जमेल?

गझाला मॅडम गेले काही महिने हेच करत होत्या. यवतमाळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकवतात. वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश यांवर जिल्ह्यातच संशोधन करणारी माणसं घडवू शकेल, अशा प्राध्यापकाला एक संस्था अनुदान देते. त्यासाठी त्यांना अर्ज करायचा होता. अट एकच अवघड होती. तुमच्या भागात हा आजार आहे, हे आधी छोट्या पाहणीतून दाखवा. आणि पाहणीत आजार सापडतच नव्हता.

तो का सापडत नाही, हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं. नेरला त्यांच्या अब्बांचं, जब्बारभाईंचं, गॅरेज होतं. अब्बांना हत्यारांची नावं आठवेनाशी झाली, तेव्हा मॅडमचा धाकटा भाऊ आसिम त्यांनी मागायच्या आधीच पाना हातात ठेवायचा. गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही. डॉक्टर होत असलेल्या मुलीलाही फार उशिरा लागला.

उमरखेडकडच्या एका बंजारा तांड्यावर तेच झालं. बिजलीबाई बाजेवर बसलेल्या, शेजारी मुलगा पूनमसिंग.

"मॅडम, मायले पेपरले कायले बसवता? शाळेचं तोंड नाई पाह्यलं तिनं. नापास झाली तं कोण्या वर्गात ठेवसान?"

दारात जमलेली सगळी हसली. मॅडमही हसल्या आणि त्यांनी वार विचारला.

बिजलीबाईंनी मुलाकडे पाहिलं.

"बाजाराचा दिवस व्हय नं, याडी?" तो म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"बाजार," आई म्हणाली.

चार प्रश्न असेच गेले. मग मॅडमनी पूनमसिंगला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. तो गेला, आणि बिजलीबाईंना वार सांगता येईना, मुलाचं नावही सांगता येईना. त्या दाराकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

पूनमसिंग धावत आत आला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"म्हातारपण हाय तिचं. साऱ्या तांड्यासमोर येडी केली तुम्ही माह्या मायले. आमचं घर काढा तुमच्या पाहणीतून."

"काढते, दादा," मॅडम म्हणाल्या. "पण तिला एकदा दवाखान्यात आणा. पाहणीसाठी नाही, तिच्यासाठी."

त्यानं आईला धरून उठवलं.

परत येताना गाडीत त्यांची सहकारी समीक्षा हळूच म्हणाली, "मॅडम, एवढी स्पष्ट केस पहिल्यांदाच सापडली होती. आणि अर्जाची तारीख जवळ आली."

"त्यांनी नाही म्हटलं ना? मग ती आपली नाही."

उरलेल्या तुटपुंज्या आकड्यांवरच अर्ज गेला. इथं आजार का दिसत नाही, ते मॅडमनी त्यात लिहिलं. संस्थेचं उत्तर आलेलं नाही. पूनमसिंग आईला घेऊन अजून आलेला नाही.

आता झरी जामणीकडची गावं घ्यायची आहेत. परवा चहा पिता पिता मॅडम समीक्षाला म्हणाल्या, "मुलगा जवळ असला की तोच उत्तर देतो. नसला की म्हातारी घाबरते. मग पुढच्या घरी त्याला बसवायचं कुठं?"