आतोबांच्या लेन्सवरची हळद

आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, धारमध्ये फोटो स्टुडिओ चालवत. ते गेल्यावर स्टुडिओ बंद झाला, कॅमेरा कोणी तरी नेला. एक रशियन लेन्स तेवढी आत्याने ठेवून घेतली. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पुजतात. आत्या विळी आणि शिवणयंत्राच्या शेजारी लेन्स मांडायची. पळीभर पाणी, गंध, हळद-कुंकू, अक्षता. दरवर्षीच्या या पूजेने लेन्स जाम झाली.

मी देवासला असतो, वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो आणि इंदूरच्या जुन्या बाजारातून हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स जमवतो. मध्ये एक जोडकडं बसवलं की त्या आजच्या कॅमेऱ्यावर चालतात. फोकस मात्र आपणच, डोळ्याने बघत, लेन्सवरचं कडं फिरवत करायचा. आत्या माझ्या संग्रहाला ‘इंदूरचं कबाड’ म्हणते.

गेल्या हिवाळ्यात धारला गेलो तेव्हा ती म्हणाली, “माझा एक बरा फोटो काढ. नाहीतर मी गेल्यावर तुम्ही आधार कार्डावरचाच मोठा करून हार घालाल. त्यात मी बँक लुटून आल्यासारखी दिसते.”

कॅमेरा माझ्या पिशवीतच होता. मी तो काढला, तर म्हणाली, “याने नाही. त्यांच्या लेन्सने.”

आतोबांशिवाय कोणी फोटो काढलेला तिला चालत नसे. लग्नकार्यात कॅमेरा दिसला की ती वाढायला उठायची. त्यामुळे आतोबा गेल्यानंतरचा तिचा धड फोटो घरात कोणाकडेच नव्हता. मी लेन्सचं कडं फिरवून पाहिलं. ते हललं नाही.

“उघडावी लागेल. कायमची बिघडूही शकते.”

तिने लेन्स पदराने पुसून माझ्या पिशवीत टाकली. “आत्ता तरी कुठं सुरू आहे? ने.”

देवासला मी ती उघडली. पुढच्या काचेवर कुंकवाचा फिकट डाग होता. तो फोटोत दिसत नाही. बिघाड आत होता. फोकसच्या दोन नळ्या आट्यांनी एकमेकींत फिरतात. त्या आट्यांत जुनं ग्रीस आणि हळद यांचा घट्ट पिवळा थर बसला होता. नळ्या सुट्या होतात ती जागा खूण करून ठेवावी लागते, कारण आटे अनेक ठिकाणी सुरू होतात आणि त्यांतली एकच जागा बरोबर असते. मी पेन्सिलने खूण केली आणि पेट्रोलने थर साफ करताना तीही पुसून टाकली. अंदाजाने जोडून गच्चीवर गेलो, टेकडीवरच्या देवळाच्या झेंड्यावर लेन्स धरली. झेंडा स्पष्ट होईना. बाकीच्या जमतील तेवढ्या जागाही करून पाहिल्या. एकात कडं अडकलं, इतरांत टेकडीसुद्धा ओळखू येईना. शेवटी पहिल्याच जागी परत जोडली.

धारला जाऊन आत्याला ते सांगितलं. “जवळचं छान येतं. दूरचं येत नाही.”

“दूरचं मला तरी कुठं दिसतं? मी काय मांडूच्या महालावर चढून बसणारे?”

सकाळी ती हिरवं लुगडं नेसून खिडकीपाशी खुर्चीत बसली. खुर्ची तिनेच तिरकी केली, उजेड एका गालावर येईल अशी. मी फोटो काढू लागलो. या लेन्सचं उजेड आत घेणारं भोक पूर्ण उघडलं की डोळे स्पष्ट आणि कान धूसर, इतकी बारीक तिची पकड. आत्या जराशी पुढे झुकली तरी सगळं हुकत होतं. तिचा चेहराही हळूहळू आधार कार्डासारखा होत चालला.

“भिया, दळण दळतोयस का?” ती इंदुरी थाटात म्हणाली. “किती फिरवशील? ते एकदा फिरवायचे. मग मला विचारायचे, आज आमटीत काय घातलंस? मी सांगायला लागले की दाबायचे.”

मी विचारलं, “आत्या, आज आमटीत काय घातलंस?”

“काय घालणार? तूर जुनी, शिजेचना. मग आमसूल घातलं, गूळ जरा...” तिचा हात गुळाचा खडा दाखवायला वर आला, भुवया वर गेल्या. काचेत तिचे डोळे स्पष्ट झाले. मी बटण दाबलं.

डेस्कवर इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेले फोटो कापत आलो, त्यांखाली ओळी लिहीत आलो. स्वतः काढलेल्या फोटोचं समाधान वाटलं ते या एकाचंच. त्याबद्दल मी दोघांचा ऋणी आहे. आतोबांनी तो प्रश्न शोधून काढला होता, आणि इतकी वर्षं फक्त तिचा असलेला तो प्रश्न आत्याने मला वापरू दिला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. तिने चष्मा पुसून पुन्हा लावला.

“हं. ही मी,” ती म्हणाली. “दोन छाप. एक तुम्हाला लागेल तेव्हा. एक मला आत्ता.”