रोज त्याच जागी

रत्नागिरीत माणसाच्या बोटांना आमच्या सरांइतकं भिणारा माणूस आजवर झाला नाही आणि पुढे होणारही नाही. सापाला भिणारे खूप, बायकोला भिणारे तर घरोघरी; सर बोटांना भीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्यांची मदतनीस होते, पालीहून एसटीने येणारी, विशीतली. पहिल्याच दिवशी मी नमस्कार करायला हात जोडले तर त्यांनी त्या हातांवर रबरी मोजे ठेवले. "अगो, माणसाच्या घामात आरएनए खाणारा राक्षस असतो. तू नुसतं बोट लावलंस तरी माझं महिन्याचं काम फस्त!" मोज्यांची सवय इतकी की मासळी बाजारातही ते मोजे घालूनच बांगडे निवडत. कोळीण म्हणायची, "अवो, मेलेला हाय तो, चावत नाय!" वीज गेली की बंदरावरून मासळीचा बर्फ आणून ते आपल्या नमुन्यांच्या नळ्या त्यात पुरायचे, आणि मग आठवडाभर अख्ख्या मजल्याला बंदराचा वास. एकदा पुतणीच्या लग्नात ते नळ्यांचा थर्मास घेऊन गेले. आतला बर्फ विरघळला तसा त्यांनी तो आइसक्रीमच्या पेटीत खुपसला आणि राखण करत पेटीशेजारी बसले, ते अक्षतांच्या वेळीही उठले नाहीत. शेवटी नवरीच तिथवर येऊन पाया पडली.

हे सगळं एका जिवाणूसाठी. घरामागच्या कातळावरच्या चिमूटभर मातीत तो त्यांना सापडला होता. हा जिवाणू एक साखर बनवतो, आणि पुरेशी झाली की बनवायचं थांबतो. पुरे झालं हे त्याला कळतं कसं, एवढाच सरांचा प्रश्न. साखरेची कृती आरएनएच्या चिठ्ठीवर असते, असं ते मला सांगत. ती चिठ्ठी पेशीतून अख्खी बाहेर काढायची हे आमचं काम. जेल म्हणजे जेलीची पातळ वडी, तिच्यावर तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात; चिठ्ठी अख्खी निघाली तर तिथे एकच पट्टा दिसायला हवा. दर वेळी दोन दिसायचे. म्हणजे चिठ्ठी तुटली, म्हणजे कुणाचा तरी हात लागला. आणि खोलीत हात चारच, त्यातले दोन सरांचे.

तीन वर्षं मी ते ऐकलं. बांगड्या काढल्या, हात सोलवटेपर्यंत धुतले, स्वतःच्या साखरपुड्याला मेंदीसुद्धा लावली नाही. तरी पट्टे दोनच. "परत तुझे हात!" सर ओरडायचे. मग एक दिवस मी धीर करून म्हटलं, "सर, माझ्या हाताने तुटलं असतं तर रोज वेगळीकडे तुटलं असतं. हे रोज त्याच जागी तुटतं."

सरांनी जेल उचललं आणि कचऱ्यात टाकलं. "हाताने काम नीट कर आधी, मग तोंड चालव," ते म्हणाले. मला फार लागलं. महिनाअखेरीला मी नोकरी सोडली. लग्न झालं, पालीतच राहिले, आणि आंबापोळीचा व्यवसाय धरला. इतक्या वर्षांत माझ्या हातची एक पोळी बिघडलेली नाही, हे मी मुद्दाम सांगते आहे.

पुढे सर निवृत्त झाले आणि एका दुपारी थेट माझ्या अंगणात येऊन उभे राहिले, धापा टाकत, घडी पडलेले छापील कागद घेऊन. "अगो, ती चिठ्ठी स्वतःच तुटते! साखर पुरेशी झाली की तीच जाऊन चिठ्ठीला चिकटते, आणि चिठ्ठी स्वतःचे दोन तुकडे करते. नेहमी त्याच जागी! परदेशात कुणीतरी शोधलंय, कधीच." मग खाली बसले. "तुझं ऐकलं असतं तर ते मीच शोधलं असतं. जाऊ दे ते. पण मी तुझ्या हातांना नावं ठेवली. मला माफ कर."

मोठ्या माणसाला 'माफ केलं' म्हणायला आपल्याकडे जीभ रेटत नाही. माझे डोळे भरून आले होते, आणि मी म्हटलं काय, तर "सर, चहा घेणार ना?" त्यांनी चहा घेतला आणि काहीतरी राहून गेल्यासारखे गेले. तेव्हाच म्हणायला हवं होतं.

गेल्या महिन्यात त्यांना भेटायला गेले. हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, हे ऐकून होते. मला बघून ते अदबीने उठले. "बाई, तुम्ही पालीच्या ना? तिथे एक मुलगी राहते. माझ्याकडे कामाला होती. मला तिची माफी मागायची आहे, पण घर सापडत नाही."

"सर, मीच ती."

त्यांनी बराच वेळ माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि समजूत घातल्यासारखे हसले. "नाही हो. ती एवढीशी पोर."

"तिने तुम्हाला माफ केलंय, सर. मनापासून. केव्हाच."

"असं तुम्ही कसं सांगणार? ते तिने सांगायला हवं," सर म्हणाले. मला दारापर्यंत सोडायला आले, तिथेही थांबवलं. "भेटली तर म्हणावं, मी येतोच आहे. एवढा निरोप द्याल ना?"

"देते," मी म्हटलं, आणि पालीची गाडी धरली.