एकोणिसाव्या मजल्यावरून खाली

आमच्या ऑफिसात कुठलाही प्रश्न आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : रेफरन्स शोध. ओटा कसा असावा, रेफरन्स शोध. जिन्याचा कठडा कसा असावा, रेफरन्स शोध. जगात कुणीतरी कुठेतरी हे आधी केलेलंच असणार, त्याचे फोटो गोळा करायचे, सरांपुढे मांडायचे, आणि त्यांना जो सर्वांत महागडा वाटेल तो आपल्या इमारतीला चिकटवायचा. पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून मी हे काम करते. त्यात मी चांगली आहे, कारण फोटो शोधताना कुणाशी बोलावं लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी मात्र असा एक प्रश्न आला, ज्याचा फोटो कुठेच नव्हता.

लालबागमधल्या एका चाळीच्या पुनर्विकासाचं काम आमच्याकडे होतं. चाळ पाडून झाली होती. भाडेकरू तोवर ट्रान्झिटच्या तात्पुरत्या इमारतीत राहत होते आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या बावीस मजल्यांचं आतलं काम चालू होतं. त्याच आवारात शेजारी विक्रीचा टॉवर. त्याचे ग्राहक वेगळे, गेट वेगळं, झाडंसुद्धा वेगळी.

शेवटचे नकाशे बघायला चाळीची कमिटी ऑफिसात आली. आमचं ऑफिस लोअर परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात आहे. सरांनी मीटिंगच्या खोल्यांना गिरणीतल्या खात्यांची नावं दिली आहेत. त्यांना ते फार हृद्य वाटतं. त्या दिवशी आम्ही 'वीव्हिंग'मध्ये बसलो होतो. कमिटीत एक आजी होत्या, पंच्याहत्तरीच्या. नवरा अंथरुणाला खिळल्यामुळे त्याच्या जागी आलेल्या. त्यांनी दारावरची पाटी सावकाश वाचली आणि म्हणाल्या, "आमच्या म्हाताऱ्यानं तीस वर्षं वीव्हिंगमध्ये काढली. एवढी थंडी नव्हती तिथं." मग पदर गळ्याभोवती ओढून घेतला. सर मनापासून हसले. एसी तेवढाच राहिला.

तासभर सरांनी पडद्यावर इमारत आतून-बाहेरून फिरवून दाखवली. लॉबीतला संगमरवर, खिडक्यांची काच, गच्चीवरचे दिवे. कुणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी शेवटी विचारलं. हे वाक्य ते अशा सुरात म्हणतात, की लोक खुर्च्या मागे सरकवू लागतात.

आजींनी विचारलं, "माणूस गेलं तर कुठून न्यायचं?"

सरांनी सांगितलं की नियमाप्रमाणे स्ट्रेचर मावेल अशी एक मोठी लिफ्ट ठेवलेली आहे. ती खाली कुठे उघडते, असं आजींनी विचारलं. लॅपटॉपपाशी मी होते. मी तळमजल्याचा नकाशा मोठा केला. मोठी लिफ्ट मागच्या बाजूच्या बोळात उघडत होती. डाव्या हाताला विजेचे मीटर, उजव्या हाताला कचऱ्याची खोली, पुढे मागचं गेट. तो बोळ मीच काढलेला होता. नियमात अगदी बरोबर बसत होता.

"म्हणजे माझ्या म्हाताऱ्याला कचऱ्याच्या डब्यांवरून नेणार काय गो?"

प्रश्न सरांना नव्हता, मला होता. मी नकाशा परत लहान केला. आजी उठल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या की हे ठरेपर्यंत माझी सही मिळायची नाही. कमिटीत सात जण होते आणि शेवटच्या नकाशांवर सातही सह्या लागणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांचा मेल आला. विषय : 'एंड ऑफ लाइफ सर्क्युलेशन'. सर्क्युलेशन म्हणजे आमच्या भाषेत इमारतीतली ये-जा. काम माझ्याकडे, कारण मी महाराष्ट्रीय आणि मला 'त्या लोकांचं कल्चर' माहीत असणार. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं मराठी बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या मुलीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मेलच्या शेवटी अर्थातच, रेफरन्स शोध.

मी दोन दिवस शोधले. डेन्मार्कमधलं एक शवागार सापडलं, त्यात उंच झाडांमधून ऊन येत होतं. जपानमध्ये मृतदेहांसाठी हॉटेल असतं असं कळलं. लालबागला उपयोगी पडेल असं काही नव्हतं. मग सरांनी सगळ्यांची बैठक घेतली. रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि मनात येईल ते लिहून भिंतीवर लावायला सांगितलं. एकाने लिहिलं, कचऱ्याच्या खोलीत सुगंधाचं यंत्र बसवू. एकीने लिहिलं, त्या बोळाच्या भिंतीवर चांगल्या चित्रकाराकडून कमळं काढून घेऊ. 'जर्नी' हा शब्द चार चिठ्ठ्यांवर होता. माझी चिठ्ठी कोरीच होती. ती मी सर्वांत खाली लावली.

त्या खोलीतल्या कुणीही कधी घरातून माणूस बाहेर काढलेला पाहिला नसावा. मी पाहिला होता. मी आठवीत असताना गिरगावात आमचे आजोबा गेले. तिसरा मजला, लाकडी जिना, वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तरी एकाला मागे व्हावं लागायचं. त्यांना चादरीत घेऊन उतरवलं. प्रत्येक वळणावर शेजारचा एकेक माणूस आधीच उभा होता, आणि चादर जवळ आली की हळू आवाजात सांगायचा, पाय थोडे वर घ्या, आता डोकं फिरवा. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. खाली चौकात तिरडी बांधली, मडक्यात विस्तव घातला, लोक गॅलऱ्यांमधून बघत उभे राहिले. मग पुढच्या दारातून नेलं. मी दाराआड उभी राहून हे सगळं पाहिलं होतं, कारण मला कुणी काही करायला सांगेल अशी भीती वाटत होती.

आता मी ते सगळं कागदावर लिहून काढलं. तिरडी बांधायला जागा हवी. शे-दोनशे माणसं उभी राहतील एवढी जागा हवी. विस्तव धरायला उघडं आभाळ हवं, कारण आमच्या बोळात तर धूर झाला की घंटा वाजून छतातून पाणी पडणार होतं. मुलगा हातात मडकं धरून उभा आणि आमची यंत्रणा ते विझवते आहे, हे चित्र एकाही चिठ्ठीवर नव्हतं. आणि शेवटी, पुढचं गेट हवं. चाळीच्या चौकात हे सगळं आपोआप होतं. आम्ही चौक काढून तिथे लॉबी केली होती.

मग मी साइटवर गेले आणि टेप घेऊन तीन दिवस फिरले. तळमजल्यावर काहीच हलवता येत नव्हतं, खांब उभे राहिले होते. पण मोठी लिफ्ट एका ठिकाणी आणखी थांबत होती, पोडियमवर. पार्किंगच्या दोन मजल्यांवरची ही मोकळी गच्ची दोन्ही इमारतींना जोडून होती. तिथे हिरवळ, झोपाळे, योगासनांचा चौथरा. तिथून एक रुंद रॅम्प फायर ब्रिगेडची गाडी चढावी म्हणून थेट पुढच्या गेटपर्यंत उतरत होता. लिफ्टमधून पोडियमवर जायला दारही होतं. माझ्याच नकाशात त्या दारावर लिहिलेलं होतं : कायम बंद. कारण पोडियम टॉवरच्या ग्राहकांसाठी होता.

म्हणजे प्रश्न वास्तुरचनेचा नव्हताच. एक दार उघडायचं होतं.

तरी रॅम्पची शंका होती. उतार बराच होता. खांदेकऱ्यांचा तोल जाणार नाही ना? याचाही फोटो कुठे नव्हता. मी आजींना मेसेज केला, त्यांनी तो पाहिला नाही. फोन करण्यापेक्षा प्रत्यक्ष जाणं मला कमी अवघड वाटलं, म्हणून मी ट्रान्झिटच्या इमारतीत गेले. सातवा मजला. आजोबा भिंतीशेजारच्या पलंगावर होते, डोळे उघडे. आजींनी चहा दिला, माझं बोलणं ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

साइटवर मी सुतारांना दोन बांबू आणि आडव्या काठ्या मागितल्या, तेव्हा कशासाठी ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. जिवंत माणसासमोर रिकामी तिरडी बांधायला कुणी तयार होईना. शेवटी त्यांची शिडी घेतली. तिच्यावर सिमेंटची एक गोण आणि रेतीचं अर्धं पोतं बांधलं आणि चौघांनी ती खांद्यावर घेतली. आजी रॅम्पच्या तोंडाशी उभ्या होत्या. दहा पावलांतच शिडी पुढे झुकली, गोण घसरली आणि पुढचा सुतार शिव्या देत बाजूला झाला.

मी वहीत लिहिलं, उतार जास्त, अडचण.

"उतार जास्त नाय," आजी म्हणाल्या. "तुम्ही माणसं उलटी लावलीत. आमच्या गावाला मसणाची वाट उताराचीच असते. पुढे उंच माणसं घ्या, मागे बुटकी."

सुतारांनी जागा बदलल्या. शिडी सपाट राहिली आणि गेटपर्यंत गेली. गेटवर पोचल्यावर त्या चौघांनी नकळत थांबून खांदा बदलला. कुणी हसलं नाही. पाच वर्षांच्या शिक्षणात मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि आजींनी सांगायला एक मिनिटसुद्धा घेतलं नाही.

मी नकाशा केला. बिल्डरच्या मार्केटिंगच्या मॅडम आल्या, तो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी टॉवरचा नकाशा शेजारी ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं : जिमची लांबलचक काच बरोबर पोडियमकडे तोंड करून होती. सकाळी सातला लोक ट्रेडमिलवर धावत असतील आणि समोरून हे जाईल, असं त्या म्हणाल्या. सगळं सकाळी सहाच्या आत उरकता येईल का, हेही त्यांनी विचारलं. माणूस किती वाजता जाणार हे आधी कळवायची सोय करावी लागेल, असं माझ्या मनात आलं.

आजी त्या बैठकीला होत्या. त्यांनी मॅडमचं सगळं शांतपणे ऐकलं.

"धावू दे की त्यांना," त्या म्हणाल्या. "आमचा माणूस बघून जरा जोरात धावतील."

कमिटीतले दोघं-तिघं खाली मान घालून हसले. मॅडम हसल्या नाहीत. सरांनी, दोन्ही बाजूंचा आदर राखून, हा मुद्दा सध्या 'पार्क' करू असं ठरवलं. आमच्याकडे ज्या गोष्टीचं काहीच करायचं नसतं ती पार्क होते. दाराच्या जागी नकाशात एक प्रश्नचिन्ह आलं आणि सगळे पुढच्या कामाला लागले. कमिटीतल्या बाकी सहा जणांवर आजींना समजवायची जबाबदारी टाकली गेली. घरं लवकर मिळायला हवी होती, त्यामुळे तेही आता आजींवर चिडू लागले होते.

तीन आठवड्यांनी आजोबा गेले. मला साइटवरच्या सुताराने सांगितलं. मी दुपारी तिथे गेले तेव्हा त्यांना खाली आणत होते. ट्रान्झिटच्या इमारतीची लिफ्ट एवढीशी. जिना सातव्या मजल्यापर्यंत सामानाने अडलेला. लोकांनी नेहमीचा तोडगा काढला होता. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, छातीशी ओढणीने बांधून, मान एका भाच्याने धरून, त्यांना लिफ्टमधून आणलं. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा ते दवाखान्यात नंबरची वाट बघत बसल्यासारखे दिसत होते. समोर एक कुरिअरवाला लिफ्टची वाट बघत उभा होता. तो खोका छातीशी धरून मागे सरकला.

आजी सामानातून वाट काढत जिन्याने उतरल्या होत्या. मी कोपऱ्यात होते, तरी त्यांना दिसले. जवळ आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या टायमाला खुर्ची नको गो."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी प्रश्नचिन्ह खोडलं. 'कायम बंद'ही खोडलं. पोडियमचा एक भाग आखून घेतला आणि तिथे काय लिहायचं यावर बराच वेळ बसले. सरांनी नक्की 'मल्टिपर्पज' किंवा 'सीनियर सिटिझन्स कॉर्नर' सुचवलं असतं. मग हिरवळीवर कुणीतरी बाकडी टाकली असती आणि दाराला कुलूप आलं असतं. मी लिहिलं : 'मृतदेह ठेवण्याची व तिरडी बांधण्याची जागा. हे दार भाडेकरूंसाठी कायम उघडे.' संपूर्ण नकाशात मराठी फक्त तेवढंच. छापील कागद घेऊन मी ट्रान्झिटमध्ये गेले आणि सरांना दाखवण्याआधी कमिटीला दाखवला. सुतकामुळे आजी बाहेर येत नव्हत्या, म्हणून कमिटीच आत गेली. आजींनी ओळीवर बोट फिरवत वाचलं आणि सही केली. बाकी सहा जणांनी त्यांच्या मागोमाग केल्या. सात सह्यांचा कागद मी सरांच्या टेबलावर ठेवला.

सर चांगलेच भडकले. मला विचारता आलं नसतं का, तोंड नाही का, असं त्यांनी विचारलं. हे ते माझ्या प्रत्येक वार्षिक आढाव्यात विचारतात. मॅडमनी ओळ बदलून घ्या म्हणून सांगितलं, पण त्यासाठी पुन्हा सात सह्या लागल्या असत्या, आणि आजींकडे जायला कुणी तयार नव्हतं. दार राहिलं. बिल्डरने जिमच्या काचेला खालून अर्ध्यापर्यंत दुधी रंगाचा कागद लावून घेतला. तो धावणाऱ्यांच्या कमरेपर्यंत येतो.

सर आता त्या दाराचा फोटो भाषणांमध्ये दाखवतात. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका ऑफिसातल्या मुलीने मला मेल करून तो नकाशा मागितला. तिला रेफरन्स हवा होता. मी पाठवला, आणि खाली लिहिलं की आधी तुमच्या रॅम्पवर शिडी घेऊन उतरून बघा. तिचं उत्तर आलं नाही.

आजी एकोणिसाव्या मजल्यावर राहतात, तब्येत उत्तम. दार पहिल्यांदा उघडलं ते चौदाव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांसाठी. मी गेले नव्हते. आजींनीच फोन करून सांगितलं. पुढे उंच माणसं होती, गेटपर्यंत कुठे अडलं नाही, विस्तव विझला नाही.

"आणि त्या काचेमागे?" मी विचारलं.

"एक बाई थांबली," त्या म्हणाल्या. "बाकीचे धावत होते. पोचले कुठे, देव जाणे."