ऑनेटरचा सरळपणा

अथेन्सच्या कुंभारवाड्यात ऑनेटर दिवे घडवायचा. चीर गेलेला दिवा तो गिऱ्हाईकासमोरच फोडून टाकी. माणूस सरळ होता. फक्त आपला सरळपणा चारचौघांनी पाहावा, एवढी त्याला हौस होती.

त्या वसंतात डायोनिससच्या उत्सवात नाटकांच्या दहा परीक्षकांमध्ये चिठ्ठीने त्याचं नाव निघालं. स्पर्धेतल्या तीन नाटककारांपैकी डेक्सिऑस त्याचा बालमित्र. सत्तरी उलटलेला, एकदाही न जिंकलेला. हे आपलं शेवटचं नाटक, असं त्याने सांगूनच टाकलं होतं.

ऑनेटर शपथ घेऊन आसनाकडे निघाला, तर मागून मासळीवाला कॉथॉन ओरडला, "डेक्सिऑसबाबा, घरी जा! दोस्त बसलाय वर, मुकुट घरपोच येईल!"

सगळे हसले. ऑनेटरचे कान तापले.

नाटक एका राजाचं होतं. माणूस भला, पण आपल्या न्यायीपणाच्या तोऱ्यात त्याने निर्दोष भावाला हद्दपार केलं. सत्य कळल्यावर राजाचा मुखवटा खाली झुकला, तेव्हा हातातले चणे विसरून कॉथॉनसुद्धा रडत होता. इतकं चांगलं नाटक ऑनेटरने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि विजेत्याचं नाव लिहायच्या पाटीवर त्याने दुसऱ्याच नाटककाराचं नाव लिहिलं.

रिवाजाप्रमाणे दहा पाट्या रांजणात पडल्या, पाचच बाहेर काढून मोजल्या. डेक्सिऑस तीन विरुद्ध दोन असा हरला. आपली पाटी त्या पाचांत होती की रांजणातच राहिली, हे ऑनेटरला कधीच कळणार नव्हतं.

"राहिलीच असेल हो," बायको मायर्टॅली म्हणाली. "कशाला जिवाला लावून घेता?"

"राहिली असली, तरी लिहिली मीच ना?"

तिसऱ्या दिवशी तो डेक्सिऑसकडे गेला. म्हातारा अंगणात शेंगा सोलत होता.

"ये रे. राजा कसा वाटला?"

"तो दुष्ट असता तर कुणी रडलं नसतं," ऑनेटर म्हणाला. "देवमाणूस असता, तर लोकांनी देवांनाच शिव्या दिल्या असत्या. तो आपल्यासारखा होता. चांगल्या गुणापायीच चुकला."

"बरोब्बर! मग माझी हार कशी झाली?"

ऑनेटरने सगळं सांगितलं. कॉथॉनचं ओरडणं, पाटी, सगळं. म्हाताऱ्याचे हात थांबले.

"हे जे आत्ता बोललास," तो हळूच म्हणाला, "ते तिथं लिहायचं होतंस, बाबा."

मग तो पुन्हा शेंगा सोलू लागला. ऑनेटरला वाटलं, याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डेक्सिऑस पुढच्या वर्षी गेला. ऑनेटरने त्यानंतर परीक्षकांच्या यादीत आपलं नाव येऊ दिलं नाही. "मित्राचासुद्धा मुलाहिजा ठेवला नाही, आणि वर मानही नको म्हणतो! याला म्हणतात सचोटी!" असं कुंभारवाडा कौतुकाने सांगे. खरं काय ते एकदा बोलून टाकावं, असं त्याच्या ओठांपर्यंत येई. मग तो मान खाली घालून माती मळत राही.