कप्तान मनकर्णाबाई

करुणाला नाटकात पीएचडी करायची होती आणि विषय काही सापडत नव्हता. जो विषय काढावा त्यावर आधीच कुणीतरी लिहून मोकळं झालेलं. तिची ही रड ऐकून एमएच्या वर्गातली मैत्रीण नौशीन म्हणाली, "रविवारी घरी ये. आम्ही एक खेळ खेळतो. प्रेक्षक नाहीत, संहिता नाही, पण आहे नाटकच. बघ तर खरं."

नौशीनचं घर बुढी लेनमध्ये, वडिलांच्या कापडदुकानावर. वरच्या खोलीत टेबलाभोवती मंडळी बसली होती आणि मधे वीस बाजूंचा फासा. नौशीननं खेळ समजावला. "मी जग सांगते. तुम्ही त्या जगातली माणसं. समोर काय आलं ते मी सांगणार, तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फजिती."

खेळाचं पुस्तक इंग्रजी, म्हणून बोलणंही इंग्रजीत चाललं होतं. मुलाखतीला बसल्यासारखी सगळी जपून बोलत होती. खेळातल्या किल्ल्याच्या दारात पहारेकरी आडवा आला आणि सगळे अडले. कोपऱ्यात नुसतं बघायला बसलेल्या करुणाला राहवेना. ती म्हणाली, "त्याला विचारा ना, जेवला का म्हणून."

नौशीननं मान वळवली, आवाज जाड केला आणि थेट दखनीत म्हणाली, "कायकू पूछ रई? तू खिलाती क्या?"

खोलीत हशा पिकला. पुढं कुणी इंग्रजीकडं वळलंच नाही. पहारेकऱ्याचं लग्न कसं मोडलं इथपर्यंत गोष्ट गेली, किल्ल्याचं दार बाजूलाच राहिलं. करुणा पाणचक्कीवरून बेगमपुऱ्यातल्या घरी चालत निघाली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. विषय मिळाला होता.

या खेळांवर परदेशात बराच अभ्यास झालाय, हे तिला पुढच्या काही दिवसांत कळलं. खेळाडू 'मी' म्हणतो तेव्हा नेमकं कोण बोलतं, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. ती वाचत सुटली. मराठीत मात्र तिला काहीच सापडलं नाही. तिनं मार्गदर्शक आप्पासाहेब सरांना गाठलं.

"सर, इथं नट आणि प्रेक्षक एकच असतो."

"ते पटलं," सर म्हणाले. "पण मराठीत खेळणारे कुठं आहेत? मैत्रिणीच्या खोलीतल्या चार पोरांवर प्रबंध उभा राहत नाही."

सरांचं बरोबर होतं. मग करुणानं ठरवलं, खेळणारे नसतील तर तयार करायचे. सुरुवात तिनं घरातून केली. तिची आई मनकर्णाबाई खुलताबादला अंगणवाडीत मदतनीस होती. निवृत्त झाल्यावर लेकीकडं राहायला आली. बोलणं मोजकं, आणि तेही कुणी विचारलं तरच. शेजारच्या सारजाबाईंनाही बोलावलं. नौशीन आली. करुणा सूत्रधार झाली. खेळातलं जग सांगणाऱ्या 'गेममास्टर'ला तिनं हाच शब्द ठरवला होता.

"आई, तुला कोण व्हायचंय?"

"मी काय व्हनार बाई."

"काहीही हो."

"काहीबी?" मनकर्णाबाईंनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "जहाजाचा कप्तान."

"मनकर्णे, समुद्र तरी पाह्यलास का?" सारजाबाई म्हणाल्या.

"मी नाय पाह्यला. कप्तानानं पाह्यलाय."

सारजाबाई जहाजावरच्या आचारी झाल्या, नौशीन सुकाणूवर. करुणानं वादळ आणलं आणि मागं लुटारूंचं गलबत लावलं. मनकर्णाबाई खुर्चीवरून उठल्या. "शिडं उतरवा. दिवे इझवा. खडकाच्या आडोशाला घ्या."

"अगं, पर आपटंल की," सारजाबाई म्हणाल्या.

"कप्तान कोण हाय?"

असा आवाज करुणानं जन्मात ऐकला नव्हता. फासा टाकला. तीन आले. जहाज खडकावर आदळणार होतं, आणि आईचा चेहरा बघून करुणाला वाटलं, थोडं सोडून द्यावं. ती चाचरत म्हणाली, "नुसतं घासून गेलं समज."

"नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आलं ते आलं. सांग आता, पानी कुठवर चढलं?"

त्यांचे डोळे चमकत होते. बुडतं जहाज त्यांनी असं काही लढवलं की चहा तसाच गार झाला. खेळ संपल्यावर करुणानं रीतसर परवानगी मागितली. "आई, हे मी प्रबंधात लिहू का? नाव बदलीन."

"लिही. पर नाव माझंच ठेव."

पुढच्या खेळाला करुणानं सरांनाच बोलावलं. ते नवखे खलाशी झाले, जरा अवघडून बसले. लुटारू पुन्हा दिसले. मनकर्णाबाईंनी सरांकडं बोट केलं. "ए, तू चढ डोलकाठीवर. किती हायेत ते बघून ये."

करुणानं चटकन सरांकडं पाहिलं. एरवी आई सरांसमोर पदर सावरून 'साहेब, तुमी' म्हणायची.

सर ताठ बसले. "चढतो, कप्तान," ते म्हणाले आणि फासा उचलला. अठरा आले तसे स्वतःच टाळी वाजवून मोकळे झाले. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "करुणा, तू ऐकलंस ना? त्या मला 'तू' म्हणाल्या आणि मला ते अजिबात खटकलं नाही. हा तुझा विषय. टेबलावर कोण कुणाला 'तू' म्हणतं, आणि उठल्यावर त्याचं काय होतं. यावर लिही."

करुणानं त्यावरच आराखडा लिहिला. विद्यापीठाच्या समितीनं बरेच प्रश्न विचारले, एका सदस्यानं तर फासा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, पण विषय मंजूर झाला. आता वेरूळला आणि शहरात मिळून तिची चार टेबलं चालतात, आणि ती रेकॉर्डिंग ऐकत, लिहून काढत बसते.

मनकर्णाबाईंनी मध्यंतरी बुद्धविहारात येणाऱ्या बायकांचं स्वतःचं टेबल सुरू केलं. सूत्रधार त्याच. करुणानं 'मला पण घेतेस का' म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "जागा नाय. टेबल भरलंय."